घरचे तंत्र : झिणझिण्या देणारी मोटर

हिर्डोशीकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. भोरहून वरंधा घाटाने महाडला जाणाऱ्या रस्त्यावरची, नीरा-देवघर धरणाच्या फुगवट्याच्या अंगाची ही हिरडस मावळातली गावे. पाऊस कसा, हे तिकडच्या माणसांना सांगायला नको. या भगिनींचे घर डोंगराचा उतार फोडून बांधलेले आहे. आषाढ लागला की मागच्या खोलीत जोत्यातून पाणी उमळते. म्हणून कोपऱ्यात खड्डा घेतला आणि मुंबईच्या दिरांनी आणून दिलेली, पाण्यात बुडवून ठेवायची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर त्यात सोडली. मोटर पाणी उपसते. पण ती चालू असताना लोखंडी पाइपाला हात लागला की झिणझिण्या येतात. सासूबाईंनी सांगितले, लाकडी पाटावर उभी राहून बटण दाबत जा. पाटावर उभे राहिले की काही होत नाही. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "मग मोटर चांगलीच आहे असे समजायचे ना?"

ताई, मोटर चांगली नाही. हा अंक हाती पडताच कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करा, पिन बोर्डातून काढा आणि मगच मोटर खड्ड्याबाहेर घ्या. दुरुस्त होईपर्यंत पाणी बादलीने उपसा. कंबर दुखेल, पण घरातले माणूस जाणार नाही.

पाटावर उभे राहिल्यावर काही होत नाही, याचा नीट विचार करू या. विजेला आपल्या शरीरातून जाण्यासाठी शिरायला जागा लागते आणि बाहेर पडायला वाट लागते. मोटरीच्या आतल्या तारांवरचे आवरण कुठेतरी फाटले, सील जाऊन आत पाणी शिरले, किंवा केबलला चीर पडली की वीज मोटरीच्या लोखंडी अंगावर उतरते, तिथून पाइपात आणि खड्ड्यातल्या पाण्यात. पाइपाला हात लावणारा माणूस कोरड्या पाटावर असेल तर विजेला जमिनीत जायची वाट जवळजवळ बंद असते, म्हणून नुसत्या झिणझिण्या लागतात किंवा तेवढेही नाही. तोच माणूस अनवाणी, घोटाभर पाण्यात उभा असेल तर ती वाट सताड उघडी असते. ओल्या अंगाचा विजेला होणारा अडथळा साधारण १,००० ओहम धरतात. घरात वीज २३० व्होल्टची. भागाकार केला तर २३० मिलिअँपिअर येतात. १ मिलिअँपिअर विजेची झिणझिणी जाणवते. १०-१५ मिलिअँपिअर झाली की मूठ आवळते आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. ३० च्या पुढे हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका सुरू होतो. म्हणजे बिघाड तोच, पाइप तोच. फरक फक्त पायाखाली काय आहे याचा. झिणझिण्या थोड्या आहेत म्हणून बिघाड थोडा, असा हिशेब कोणी करू नये.

आपल्या घरांतून मोटर चालवते कोण? पाणी भरणारी बाई किंवा शाळेतून आलेले पोर. बोर्ड बसवणारा निघून गेलेला असतो आणि मोटर घेणारा मुंबई-पुण्यात कामावर असतो. जिच्या हातात रोज बटण असते तिला यातले कोणी काही सांगत नाही. फार तर "चप्पल घालून जा" एवढे सांगतात. म्हणून हे सदर विशेषकरून तिच्यासाठी आहे.

आणखी एक फसवणूक नेहमी होते. दोन पिनांचा प्लग असला तर कोणी तरी तो उलटा करून लावतो आणि झिणझिण्या थांबतात. घरात आनंद होतो, मोटर सुधारली! ती सुधारलेली नसते. फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाल्यामुळे तारेचे फाटलेले ठिकाण न्यूट्रलच्या जवळ आले, एवढेच झालेले असते. पुढच्या वेळी प्लग सरळ लागला की पुन्हा तेच. याच कारणाने नुसते बटण बंद करून मोटरीला हात लावू नये. कित्येक घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते. मोटर थांबते, पण तिच्यात वीज तशीच असते. पिन बोर्डाबाहेर दिसली तरच मोटर बंद झाली असे माना. टेस्टरचीही खात्री धरू नका. कोरड्या पाटावर किंवा रबरी चपलेत उभे राहून टेस्टर लावला तर आतला दिवा मंद लागतो, कधी लागतही नाही, आणि माणूस निर्धास्त होतो.

आता पुष्कळांना वाटते की फ्यूज आहे किंवा नवीन पद्धतीचा एमसीबी आहे, तो पडेलच. तो पडत नाही. फ्यूज आणि एमसीबी हे तारेचे राखणदार आहेत, माणसाचे नव्हेत. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरहून बरीच जास्त वीज ओढली गेली तरच पडतो, आणि माणसाचा जीव तर एका अँपिअरच्या चौथाईतही जातो. अर्थिंगचेही असेच. अर्थिंग हवेच, त्यात वाद नाही. पण मावळात जमीन खणली की हात-दीड हातावर कातळ लागतो. अशा जागी केलेल्या अर्थिंगचा अडथळा ५० ओहम भरला, तर त्यातून जाणारी वीज २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. एवढ्याने एमसीबी हलत नाही आणि मोटरीचे अंग तापल्या तव्यासारखे तयार राहते.

यावर उपाय आहे आणि तो बाजारात मिळतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. फेजने जेवढी वीज गेली तेवढीच न्यूट्रलने परत आली का, हे तो सारखे मोजत असतो. वाटेत ३० मिलिअँपिअरची गळती झाली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो वीज तोडतो. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर साधारण तीन अँपिअर घेते. त्याच्या शंभराव्या हिश्शाचा फरकही त्याला कळतो. घेताना त्यावर "३० मिलिअँपिअर" लिहिलेले पाहून घ्या. ३०० वाला स्वस्त मिळाला म्हणून आणू नका. तो आग टाळण्यासाठी असतो, माणसासाठी नाही. एमसीबी आणि हा यांतली खूण सोपी आहे: आरसीसीबीवर परीक्षेचे एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर ते यंत्र गेले. चांगल्या कंपनीचा साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास पडतो. मोठ्या पडद्याचा टीव्ही घेताना आपण मागेपुढे पाहत नाही, आणि हे दोन हजार मात्र जड वाटतात, हे मला कधी कळलेले नाही.

हा बसवला म्हणून अर्थिंग सोडू नका. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच वीज त्या वाटेने जाते आणि खटका आपोआप पडतो. नसेल तर कोणी हात लावल्यावरच पडतो. अर्थिंगचा पाइप निदान अडीच मीटर लांबीचा लागतो. तो कातळात न घालता न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, जिथे माती खोल आणि सदा ओली असते, तिथे उभा घाला आणि भोवती कोळसा-मीठ भरा. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून तांब्याभर पाणी ओतत जा. न्यूट्रलच अर्थला जोडून देणारे महाभाग आहेत. तसे कोणालाही करू देऊ नका. पाण्याच्या नळालाही अर्थ जोडायचा नाही, नाही तर तुमच्या मोटरीतली वीज शेजाऱ्याच्या तोटीत निघेल.

पाणी आणि वीज एकत्र आल्यावर काय होते, याचे उदाहरण पुण्यातल्या वाचकांना दूरचे नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेला पाणी वाढले तेव्हा डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत खाण्याची हातगाडी पाण्यातून हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. हातावर पोट असणारी मुले. गाडी वाचवायला धावली. घरात पाणी शिरले की आपलेही तेच होते: मोटर आठवते, फ्रीज आठवतो, आणि पाय पाण्यात पडतात. पाणी बोर्डापर्यंत किंवा जमिनीवरच्या एक्सटेन्शनपर्यंत आले असेल तर त्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. मेन स्विच कोरड्यात असेल तर बंद करा. तो पाण्यात असेल तर १९१२ वर महावितरणला कळवून किंवा गावच्या वायरमनला सांगून डीपीवरून पुरवठा तोडून घ्या. तोपर्यंत थांबा.

आता ताईंच्या खड्ड्याकडे वळू. खरे सांगायचे तर डोंगरउतारावरच्या घराचा पहिला पंप म्हणजे फावडे. घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून चार-पाच हात सोडून, घराला वळसा घालून जाणारा चर मृगाआधी काढला आणि पागोळ्यांचे पाणी दूर सोडले, की खोलीत उमळणारे पाणी बरेच कमी होते. आणि ज्या रात्री पाऊस सर्वांत जास्त, त्याच रात्री तारांवर झाड पडून वीज जाते, हे त्या भागात कोणाला नवे आहे? नुसत्या मोटरीवर विसंबणाऱ्याचे घर त्याच रात्री भरते. चराला वीज लागत नाही.

एवढे करूनही मोटर लागणार असेल तर खड्ड्यात भोके पाडलेली जाड प्लॅस्टिकची बादली बसवून तिच्याभोवती खडी भरा. मोटर बादलीत विटेवर ठेवा, म्हणजे गाळ ओढला जाणार नाही. मोटर सोडताना आणि काढताना मुठीला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीने. केबलला धरून कधीही नाही. बहुतेक मोटरी तिथेच मरतात, केबल जिथे आत शिरते तिथले सील ताणाने सैल होऊन. केबलला सांधा द्यावाच लागला तर तो पाण्याबाहेर, उंचावर, बंद डबीत असावा. चिकटपट्टी आणि वर पिशवी गुंडाळलेला सांधा पाण्यात टिकत नाही. बोर्ड छातीच्या उंचीला हवा, प्लग तीन पिनांचा. उघड्या तारा सॉकेटात खुपसून आगपेटीच्या काड्यांनी आवळायची कला आपल्याकडे घरोघरी आहे. मोटरीपुरती तरी ती विसरा.

मोटरीबरोबर तरंगता गोळा असेल, पाणी चढले की मोटर चालू करणारा आणि उतरले की बंद करणारा, तर तो बादलीच्या कडेला किंवा दोरीला अडकतो. पावसाआधी खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून तो उचलतो का, आणि खाली आल्यावर मोटर थांबते का, हे पाहून घ्या. कोरडी फिरलेली मोटर सील जाळून घेते, कारण सीलला थंड ठेवते ते पाणीच. आणि सील गेले की पुन्हा झिणझिण्या. सगळे फिरून तिथेच येते.

मोटर रुसली तर काय पाहायचे? आधी पिन काढायची, मग पाहायचे. घुं आवाज करते पण फिरत नाही, तर लगेच बंद करा. तशीच दोन-चार मिनिटे राहिली तर वायंडिंग जळते. पंख्यात चिंधी, केस, प्लॅस्टिक किंवा खडा अडकला असेल तर जाळी काढून साफ करता येते. अडकलेले काही नसेल आणि घरातले पंखे, दिवे मंद असतील, तर व्होल्टेज कमी आहे, वाट पाहा. तेही नसेल तर कंडेन्सर गेला असण्याचा संभव जास्त. तो बदलायला पैसे थोडे लागतात, पण वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहते आणि जोराचा झटका देते. ते काम मोटरवाल्याचे. मोटर फिरते पण पाणी येत नाही, तेव्हा आत हवा कोंडली असेल. मोटर पाण्यातच तिरपी करून हवा सोडा, अर्थात पिन काढून. थोडा वेळ चालून थांबते आणि मग आपणहून सुरू होते, ही तापल्याची खूण आहे. मोटर गार झाली की आतला खटका तिला पुन्हा चालू करतो, आणि नेमका त्याच वेळी कोणाचा तरी हात पंख्यात असतो. बंद केल्याबरोबर पाइपातले पाणी परत खड्ड्यात येते आणि मोटर पुन्हा पुन्हा लागते, तर पाइपात एकतर्फी झडप बसवा. आरसीसीबी पडत असेल तर मोटरीची पिन काढून तो पुन्हा चढवा. आता राहिला, तर दोष मोटरीत किंवा तिच्या केबलीत. काही झाले तरी त्याला वगळून परस्पर वायर जोडू नका. "तो सारखा पडतो" ही त्याच्याविरुद्धची तक्रार नसून त्याने दिलेली साक्ष आहे.

जमिनीवर ठेवून हौदातले पाणी टाकीत चढवणारी मोटर असेल तर तिचे दुखणे बहुधा फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे आपले शेतकरी ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात असते. त्यात काडी अडकली की पाइपातले पाणी उतरते आणि मोटर नुसती हवा ओढते. पाइप पाण्याने भरून घेतल्याशिवाय ती चालवू नका. पाणी मोटरीच्या खाली २०-२२ फुटांहून जास्त खोल गेले तर ती ओढणार नाही. मोटरवाल्याशी भांडून उपयोग नाही, हवेचा दाबच तेवढा असतो.

पत्रात एक ओळ सहज येऊन गेली आहे की उन्हाळ्यात हीच मोटर पिण्याच्या हौदात सोडतात. तसे करू नका. पावसाळ्यात जोत्यातून येणाऱ्या पाण्यात गोठ्याचे, मोरीचे, संडासाच्या खड्ड्याचेही पाणी मिसळलेले असू शकते. शिवाय काही मोटरींत तेल भरलेले असते. सील गेले की ते पाण्यात उतरते. हौदाच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला तर ते पाणी पोटात जाऊ देऊ नका. दोन कामांना दोन मोटरी हव्यात, किंवा उन्हाळ्यात दोर-बादली.

शहरातल्या वाचकांपैकी पुष्कळजण सोसायट्यांत वॉचमन, प्लंबर, सफाई कामगार आहेत. त्यांच्यासाठी निराळे सांगायला हवे. ड्रेनेजच्या टाकीतली मोटर अडकली की सेक्रेटरी म्हणतात, "जरा उतरून बघ." त्या टाकीत विषारी वायू साठतो, प्राणवायू कमी असतो, आणि मोटरीची वीज कोणी तोडलेली असेलच असे नाही. पहिला माणूस खाली पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. गटारात व मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. गटारातल्या अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. पण भरपाई मागे राहणाऱ्यांना मिळते. मोटर दोरीने वर घ्यायची असते, माणसाने खाली जायचे नसते. दोरी बांधलेली नसेल तर तो दोष टाकी बांधणाऱ्याचा. "उतरणार नाही, गाडी बोलवा," असे सरळ सांगा. नोकरीची भीती असते, हे मला ठाऊक आहे. एकट्याने सांगण्यापेक्षा आजूबाजूच्या चार सोसायट्यांतल्या कामगारांनी मिळून आधीच सांगून ठेवले तर सोपे जाते.

पेट्रोलच्या इंजिनाबद्दलही तसेच. वीज नसताना इंजिन लावून पाणी उपसायचे झाले तर ते उघड्या अंगणात ठेवा. पडवीत, खोलीत किंवा विहिरीत उतरवून चालवले तर त्याच्या धुरातला वास नसलेला वायू झोपेतल्या माणसांना उठूच देत नाही.

एवढे करूनही कोणाला धक्का बसलाच तर धावत जाऊन त्याला धरू नका. आधी मेन बंद. ते जमत नसेल आणि आपण कोरड्यात असू, तरच वाळलेल्या लाकडाने वायर दूर सारा. पाण्यात पडलेल्याकडे वीज तुटल्याशिवाय जायचे नाही, पोटचे पोर असले तरी. हे लिहिताना हात अडखळतो, पण एकाच्या जागी दोन जाण्याची उदाहरणे फार आहेत. मग १०८ ला फोन. माणूस बोलावून हलत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहा; गाडी येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याला द्या. मातीत पुरणे, शेण लावणे यात जी मिनिटे जातात तीच त्याची असतात. माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेऊन हृदयाची तपासणी करून घ्या. ठोक्याचा बिघाड मागाहूनही होतो.

पाऊस सरला, खड्डा आटला की दसऱ्याच्या आसपास मोटर वर काढा. स्वच्छ पाण्याच्या बादलीत दोन मिनिटे चालवून गाळ धुऊन घ्या. ती चालू असताना बादलीला हात लावायचा नाही. मग पिन काढून मोटर सावलीत वाळवा, केबल सगळी बोटांखालून घेऊन कुठे उंदराने कुरतडली आहे का पाहा, आणि जमिनीवर न ठेवता फळीवर, गोणपाटात गुंडाळून ठेवा. मे महिन्यात तीच मोटर भोरच्या एखाद्या वायंडिंगवाल्याकडे नेऊन "मेगर लावून गळती तपासा" असे सांगा. ताईंनी मात्र मे महिन्यापर्यंत थांबू नये.